मदत हवी आहे: मोठी टूरिंग बाईक घेताना आराम बघावा की गॅजेट्स?

मंडळी, सल्ला हवाय. सध्याच्या बाईकवर दोन तास झाले की माझी मनगटं बधिर होतात, आणि मागे बसलेली बायको गुडघे सरळ करायला थांबायला लावते. म्हणून होंडा गोल्ड विंग आणि बीएमडब्ल्यू के १६०० जीटीएल बघतोय. दोन्हींना सहा सिलिंडर, त्यामुळे हँडलची थरथर फारच कमी. गोल्ड विंगच्या १८३३ सीसी इंजिनाचे सिलिंडर आडवे, वजन खाली राहतं. तरी गाडी साडेतीनशे किलोंच्या वरच! त्यामुळे रिव्हर्स, म्हणजे गाडी इंजिनाच्या जोरावर मागे घेण्याची सोय, मला गॅजेट नाही, गरज वाटते. स्क्रीन-स्पीकरचं तसं नाही. त्यापेक्षा छातीवरचा वारा अडवणारी उंच काच मोलाची. दिवसाला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्यांनो, महिन्याभरानंतर नक्की काय वापरात राहिलं? आणि मागे बसणाऱ्याची पाठ कशावर कमी दुखली?