अप्पांना हेडसेट का लागला?

*दादा:* डोळ्यांवर बांधायचा, चहूबाजूंनी खोटं दृश्य दाखवणारा व्हीआर हेडसेट लावून रोलरकोस्टरचा खेळ खेळताना अप्पांना चक्कर आली, मळमळलं. त्यांना मी सांगतोय, रोज थोडा वेळ हेडसेट लावून नेटाने बसा, होईल सवय. आयुष्यभर तांडेल म्हणून ट्रॉलरवर काढलेला माणूस रोलरकोस्टरच्या खेळाला हरतो म्हणजे काय!

*अप्पा (मालवण):* वादळात बोटीर रवलंय, माका कधी बोट लागली नाय. ह्या डब्यान कित्याक चक्कर इली ता कोणीतरी सांगा.

*मामी (देवगड):* अप्पा, एव्होमिन घेऊन बघा. आम्ही करूळ घाट ती गोळी घेऊनच चढतो.

*ताई (कुडाळ):* मामी, खेळासाठी गोळी नको. तिने गुंगी येते, त्यात अप्पांची बाकीची औषधं चालू आहेत. आणि दादा, तुझं मला अजिबात पटलेलं नाही. यात हरण्यासारखं काय आहे?

अप्पा, प्रत्येक कानात पार आतल्या बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की त्यांतला द्रव क्षणभर मागे राहतो, त्यावरून मेंदूला वळल्याचं कळतं. शेजारी दोन छोट्या पिशव्या असतात, त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण. बोट वर उचलली, खाली बसली, कलली, हे त्यांच्यामुळे कळतं. कानांचं हे सांगणं, डोळ्यांना दिसतं ते आणि पायांना, मानेला जाणवतं ते जुळवून मेंदू ठरवतो की आपण हलतोय की नाही. केबिनमध्ये बसलेल्याला बोट लागते, कारण कान म्हणतात हलतोय आणि समोरची भिंत तर जागची हलत नाही. हेडसेटमध्ये याच्या उलट. डोळे उतारावरून सुसाट निघालेत, कानांच्या लेखी तुम्ही खुर्चीत बसलाय. लाटेची चाल तुमच्या मेंदूने कधीच शिकून घेतली, हा दुसरा प्रकार त्याला नवा आहे.

*बाबू:* पण मग उलटीसारखं का होतं?

*ताई (कुडाळ):* १९७७ मध्ये ट्रायझमन या शास्त्रज्ञांनी असं मांडलं की विष पोटात गेल्यावरही डोळे-कानांचा असाच गोंधळ होतो, म्हणून मेंदू पोट रिकामं करायला बघतो. हा तर्क आहे, सगळ्यांना मान्य नाही. कानाचा संबंध मात्र पक्का. विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्येच नोंदवलं होतं की अनेक मूकबधिर माणसांना गरगर फिरवलं तरी चक्कर येत नाही. आतल्या कानाचा हा भागच काम करत नसला की बोटही लागत नाही.

*दादा:* म्हणजे सवय होतच नाही?

*ताई (कुडाळ):* होते रे, पण मळमळ सोसत बसून नाही. तसं केलं तर पुढच्या वेळी हेडसेट नुसता बघूनच नको वाटेल. घाम आला, तोंडाला पाणी सुटलं की लगेच काढायचा. एका जागी बसून खेळायचा खेळ लाव. अप्पा मान वळवतील तेवढंच दृश्य वळेल, म्हणजे कान आणि डोळे एकच सांगतील. चालायचा खेळ असेल तर सेटिंगमध्ये टेलिपोर्ट निवड, सरकत न जाता एकदम पुढच्या जागी पोचता येतं. हलताना दृश्याच्या कडा काळ्या करायची सोय असते, तीही चालू ठेव, कारण नजरेच्या कडेने सरकणारं चित्रच वेगाचा भास वाढवतं. आणि चित्र अडकत असेल, मान वळल्यावर मागाहून वळत असेल, तर बंद कर. तसं चित्र कोणालाही त्रास देईल.

*अप्पा (मालवण):* म्हंजे माझ्या कानाक काय झाला नाय मा?

*ताई (कुडाळ):* नाही अप्पा, आतला कान चोख काम करतोय म्हणूनच त्रास झाला. दादा, हेडसेट काढल्यावर त्यांना पूर्ण बरं वाटेपर्यंत स्कूटरची चावी देऊ नकोस.

*दादा:* बरं. रोलरकोस्टर काढून टाकतो.