टॉटनहॅममध्ये (स्पर्स) जखमी मॅडिसनच्या जागी कोण, एझे की झावी सिमन्स? (ऑगस्ट २०२५)

लिलीव्हाइट_नाशिक
बर्नलीला ३-० धुतलं, रिचार्लिसनची ती सिझर किक मी अजून परत परत बघतोय. पण मला सांगा, मधे बॉल घेऊन वळणारा आणि बॉक्समध्ये पास सरकवणारा माणूस दिसला का कुठे? ग्रे, सार, बर्गवाल तिघंही जीव तोडून पळतात, पण मॅडिसनचं काम त्यातल्या एकाचंही नाही. मॅडिसन सोलच्या फ्रेंडलीत एसीएल (गुडघ्याचा लिगामेंट) फाटून बाहेर, कुलुसेव्स्की मेपासून बाहेर, सोन अमेरिकेत गेला, गिब्ज-व्हाइट येतो येतो म्हणता म्हणता नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्येच नवीन करार करून बसला. आता क्रिस्टल पॅलेसचा एझे आणि जर्मनीतल्या लाइपझिगचा सिमन्स अशी दोनच नावं उरलीत असं वाटतंय. दोघांना नीट बघितलेल्यांनी सांगा, एकालाच घेता येणार असेल तर कोण?

डावापाय_७
एझे, डोळे झाकून. भावा, काल चेल्सीविरुद्धची त्याची फ्रीकिक बघितलीस का? गोल रद्द झाला कारण त्याच्याच टीमचा गेही भिंतीपासून एक मीटर लांब नव्हता, त्यात एझेची काहीच चूक नाही, पण फटका बघ काय बसलाय, गोलकीपर सांचेझला काही करताच आलं नाही. आणि हा माणूस मोठ्या मॅचला गायब होत नाही, मेमध्ये वेम्बलीवर मँचेस्टर सिटीविरुद्ध एफए कपची फायनल १-०, तो एकमेव गोल त्याचाच, पॅलेसची इतक्या वर्षांतली पहिली मोठी ट्रॉफी. गेल्या सीझनला लीगमध्ये ८ गोल ८ असिस्ट, तेही पॅलेससारख्या टीमकडून. प्रीमियर लीगची सवय लागायला त्याला वेळ द्यायची गरजच नाही.

टोटलफुटबॉल_ठाणे
डावापाय, एझे भारीच आहे, पण तो २७ चा झालाय आणि पॅलेसला साठ मिलियन पाउंडच्या वर हवेत. सिमन्स फक्त २२ चा आहे. हॉलंडच्या पीएसव्हीला असताना १९ लीग गोल मारून डच लीगचा जॉइंट टॉप स्कोअरर होता, तेव्हा विशीतच होता. लाइपझिग गेल्या सीझनला सातवे आले, यंदा युरोप नाही, म्हणजे त्यांनाही विकायचंय. आणि युरो २०२४ च्या सेमीफायनलचा गोल आठवा, मिडफिल्डमध्ये इंग्लंडच्या राइसकडून बॉल हिसकावला, चार पावलं पुढे गेला आणि बॉक्सच्या बाहेरून सरळ वर ठोकला. आपला कोच फ्रँकला प्रेस करणारा (समोरच्यावर धावून दबाव टाकणारा), बॉल परत मिळवणारा १० नंबर (स्ट्रायकरच्या मागून गोल बनवणारा) लागतो, तो हाच.

कोल्हापूर_स्पर
टोटलफुटबॉल, प्रेसचा मुद्दा पटला, पण आपलं दुखणं वेगळंय. गेल्या सीझनला १७ वे आलो, २२ मॅच हरलो, आणि त्यातल्या कितीतरी मॅचला समोरचे दहा जण मागे बसले की आपल्याला काही सुचायचंच नाही. सिमन्सला पळायला मोकळी जागा लागते, जर्मन लीगमध्ये (बुंडेसलीगा) ती मिळते. एझे गर्दीतला खेळाडू आहे. तो बॉल घेऊन जवळजवळ थांबतो, डिफेंडर पाय टाकायला वाकला की खांदा पाडून त्याच्याच बाजूने निघून जातो. घाई नाही, धडपड नाही. असं करणारा आत्ता आपल्याकडे कुदुस सोडला तर कोणीच नाही, आणि कुदुस उजवीकडे आहे. एझे पॅलेसमध्ये डाव्या बाजूच्या १० वरून आत येतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी फुटते. २०२१ मध्ये त्याचं अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) फाटलं होतं, त्यातून परत येऊन तो इंग्लंडकडून खेळतोय, हेही विसरू नका.

लिलीव्हाइट_नाशिक
कोल्हापूर_स्पर, हे वाचून माझं मत एझेकडे झुकलं. मला फक्त वयापेक्षा वेळेची जास्त काळजी वाटते. चॅम्पियन्स लीगही खेळायचीये, त्यात नवीन देशातून आलेल्या पोराला जमायला डिसेंबर उजाडला तर तोपर्यंत गोल कोण बनवणार?

टोटलफुटबॉल_ठाणे
तो धोका आहे, मान्य. तरी पाच वर्षांचा विचार केला तर मी सिमन्सच म्हणेन, एझेवर घातलेले पैसे परत कधीच मिळणार नाहीत. पण आपण एझे घेतला तर मी पहिल्या दिवशी त्याच्या नावाचा शर्ट मागवणार, हेही खरं.

डावापाय_७
ते ठीक आहे रे, पण कोणीही असो, या आठवड्यात आणा. १ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे खरेदीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ताणलं की तिसराच कोणी येऊन उचलून नेईल. आणि शनिवारी सिटीकडे जायचंय, तिथे पुढे बॉल मिळाला की काय करायचं हे कळणारा कोणीतरी हवाच, तोवर १० वर बर्गवालला खेळवा असं माझं म्हणणं आहे, सारला नको.