सोलापुरात सुगंधी जिरेनियम: झाड पावसाळ्यात का जाते आणि पानांचे करावे काय?

जुळेसोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. गेल्या हिवाळ्यात रोपवाटिकेतून गुलाबाच्या वासाचे जिरेनियम आणले होते. फेब्रुवारीपर्यंत ते उत्तम वाढले आणि मे महिन्यात पानांच्या कडा करपल्या तरी झाड तगून राहिले. मात्र सप्टेंबरच्या झडीनंतर खोड बुंध्यापाशी काळे पडत गेले आणि आठवड्याभरात सगळे झाड आडवे झाले. कुंडीत शेतातील काळी माती आणि शेणखत निम्मे-निम्मे होते, पाणी बोअरचे देत होते आणि गच्चीवर दुपारी चारपर्यंत थेट ऊन असते. यंदा पुन्हा लावण्याचा विचार आहे. आपल्या हवेत हे झाड वर्षभर टिकवता येते का? पाने स्वयंपाकात वापरता येतात का? प्रेशर कुकरला नळी जोडून घरी तेल काढता येते असे ऐकले, त्यात कितपत तथ्य आहे? झाडाने डास पळतात, असे रोपवाटिकेत सांगितले होते, तेही खरे का?

काळी माती

आपल्या वर्णनावरून झाड उन्हाने नव्हे, मुळाशी साचलेल्या पाण्याने गेले असे दिसते. सुगंधी जिरेनियमच्या बहुतेक जाती मूळच्या दक्षिण आफ्रिकेतल्या असून निचऱ्याच्या जमिनीत, कोरड्या हवेत वाढण्याची त्यांना सवय आहे. त्यामुळे सोलापूरचा कोरडेपणा त्यांना मानवतो. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला, तरी दुपारची सावली मिळाल्यास झाड वाढ थांबवून तग धरते. आपल्याकडे पाऊस कमी असला तरी त्याचा मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो, आणि उबदार हवेत चिकण काळी माती सलग ओली राहिली की बुरशीला हवी तीच परिस्थिती तयार होते. काळी माती ज्वारीला वरदान आहे, कारण ती ओल धरून ठेवते; कुंडीतल्या जिरेनियमला मात्र नेमका तोच गुण बाधतो.

म्हणून काळी माती पूर्णपणे टाळावी. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, त्यात मूठभर निंबोळी पेंड, एवढे मिश्रण पुरेसे आहे. शक्य असल्यास मातीची कुंडी घ्यावी, कारण तिच्या भिंतीतून ओल बाहेर जाते, आणि ती विटांवर ठेवावी म्हणजे तळाची भोके गच्चीला टेकून बंद होत नाहीत. वरचा दोन बोटे थर कोरडा झाल्याशिवाय पाणी देऊ नये. खताचा हातही आखडता ठेवावा, कारण नत्र जास्त झाले तर पाने मोठी आणि लुसलुशीत होतात पण वास उतरतो. हिवाळ्यात दिवसभराचे ऊन चालते. मार्चपासून मात्र कुंडी पूर्वेकडे हलवावी किंवा पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी.

वर्षभर टिकवण्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. जुने झाड जपण्याचा अट्टहास करण्यापेक्षा दर हिवाळ्यात नवी रोपे तयार करणे अधिक शहाणपणाचे ठरते, कारण दोन-तीन वर्षांत झाड बुंध्याशी लाकडी होते आणि पानेही विरळ येऊ लागतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने मैदानी प्रदेशातील शेतकऱ्यांसाठी बसवलेली पद्धत याच तत्त्वावर उभी आहे: पावसाळ्यात मातृवृक्ष साध्या प्लास्टिकच्या आडोशाखाली वाचवायचे आणि थंडी लागली की त्यांच्या फाट्यांपासून रोपे करायची. घरी एवढेच करावे की जून लागताच एक-दोन कुंड्या पाऊस न लागणाऱ्या पण उजेड आणि वारा मिळणाऱ्या पडवीत किंवा बाल्कनीत घ्याव्यात.

फाटा लावण्यास ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. जानेवारीत सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरेपर्यंत रोपे मुळावली तर उन्हाळ्यापूर्वी ती चांगली सावरतात. फार कोवळाही नाही आणि लाकडीही नाही असा वीतभराहून थोडा लहान शेंडा पेराच्या लगेच खाली कापावा, खालची पाने काढावीत, काप सावलीत काही तास सुकू द्यावा आणि मग फाटा ओलसर वाळूत खोचावा. त्यावर प्लास्टिकची पिशवी झाकू नये; गुलाबाच्या फाट्यांना ती उपयोगी पडते, हे मात्र आत कुजतात. तीन-चार आठवड्यांत मुळे फुटतात.

मरवा

पानांच्या उपयोगाविषयी लिहितो. आपल्याकडे गजऱ्यात मरवा, दवणा आणि पाच ही सुवासिक पाने गुंफतात, त्याच रांगेत हे पान सहज बसते आणि सुकल्यावरही दरवळते. स्वयंपाकात गुलाबाच्या आणि लिंबाच्या वासाच्या जाती वापराव्यात. कापरासारखा उग्र वास येणाऱ्या जाती कपाटात कपड्यांमध्ये ठेवण्यापुरत्याच बऱ्या. पान लवदार आणि चरबट असल्यामुळे ते खायचे नसते, त्याचा फक्त गंध घ्यायचा असतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गुलाबी वासाची पाने धुऊन पूर्ण कोरडी करावीत आणि साखरेच्या बरणीत थराथराने घालून आठवडाभर झाकून ठेवावीत. पाने काढून साखर चाळली की ती शिऱ्यात, सरबतात किंवा श्रीखंडात वापरता येते. पाने जराही ओली राहिली तर साखरेचे ढेप होतात. बासुंदीसाठी गॅस बंद केल्यावर दोन पाने दुधात बुडवून झाकण ठेवावे आणि पाच-सात मिनिटांनी काढून टाकावीत. उकळत्या दुधात घातली तर नासण्याची भीती असते आणि कडवटपणाही उतरतो. वेलदोडा आणि हे पान एकाच पदार्थात घालू नये, असे माझे ठाम मत आहे. दोघेही एकमेकांना झाकतात.

पाने सकाळी, ऊन तापण्यापूर्वी तोडावीत. रोपवाटिकेतून नुकत्याच आणलेल्या झाडावर कीटकनाशक मारलेले असू शकते, म्हणून जुनी पाने टाकून घरी फुटलेली नवी पालवीच खाण्यासाठी घ्यावी.

डासांचे सांगणे मात्र विकण्यापुरते आहे. तेल पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींत बंद असते आणि पान चुरडल्याशिवाय ते फारसे बाहेर पडत नाही, त्यामुळे नुसती कुंडी खिडकीत ठेवल्याने डास कमी होत नाहीत.

बार्शीचा शेतकरी

तेलापुरते सांगतो. आमच्या भागात जिरेनियमची शेती होते आणि ढोबळ हिशेब असा की एक टन पाला वाफेवर उकळला तर साधारण एक किलो तेल हाती येते. म्हणजे एक किलो पाल्यामागे एक ग्रॅम, तेही नीट बसवलेल्या डिस्टिलेशन युनिटमध्ये. गच्चीवरील चार कुंड्यांचा पाला कुकरमध्ये घातला, तर नळीच्या तोंडाशी तेलाची पुसट तवंगसुद्धा दिसेल की नाही, शंका आहे. मिळेल ते सुवासिक पाणी, आणि ते गुलाबपाण्यासारखे खोलीत शिंपडायला चांगले असते. त्यासाठी कुकरच्या वाफेच्या वाटेत नळी जोडण्याचा धोका पत्करू नये, कारण पाल्याचा तुकडा अडकला की दाब कोंडतो. साध्या पातेल्यात पाणी आणि पाला घालावा, मध्ये उंच बैठकीवर वाटी ठेवावी, झाकण उलटे घालून त्यावर बर्फ ठेवावा. वाफ झाकणाखाली थंड होऊन वाटीत ठिबकते.

जुळेसोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका राहिल्या. घरात मांजर आहे, तर काही अडचण आहे का? आणि बोअरच्या पाण्यामुळे कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, त्याऐवजी आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी दिले तर चालेल का?

काळी माती

पाने खाल्ल्यास मांजर आणि कुत्रा या दोघांनाही उलट्या व भूक मंदावणे असा त्रास होऊ शकतो, म्हणून कुंडी तिच्या आवाक्याबाहेर टांगावी.

आरओचे वाया जाणारे पाणी मुळीच देऊ नये. यंत्र शुद्ध पाणी वेगळे काढते आणि उरलेले सारे क्षार त्या पाण्यात गोळा होतात, म्हणजे ते बोअरच्या पाण्याहूनही जड असते. कूलरच्या टाकीतील पाण्याचेही तेच, कारण पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. याउलट एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. उन्हाळ्यात बादली लावून ते साठवावे. बोअरचेच पाणी द्यावे लागत असेल, तर महिन्यातून एकदा तळातून भरपूर वाहून जाईल इतके पाणी ओतून माती धुऊन काढावी आणि पुढचे पाणी कुंडी हलकी झाल्यावरच द्यावे. काठावरचा पांढरा थर जुन्या ब्रशने खरवडला तरी चालतो.