डॉ. श्रीराम लागू : ‘नटसम्राट’च्या पलीकडे काय पाहावे, काय वाचावे?

प्रश्न : नवा प्रेक्षक

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी झाला, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. त्यामुळे डॉ. लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर मी ध्वनिमुद्रणातून ऐकले आहेत आणि घरातल्या मोठ्यांच्या आठवणींतून ओळखले आहेत. चित्रपटांपैकी ‘पिंजरा’ आणि ‘सामना’ पाहिले. कान-नाक-घशाचा शल्यचिकित्सक म्हणून बसलेला जम सोडून हा माणूस वयाच्या बेचाळिशीत पूर्णवेळ नट कसा झाला, आणि ‘नटसम्राट’ बाजूला ठेवले तर त्यांच्या कामाची खरी थोरवी कशात शोधावी, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : पुणेकर रसिक

बेचाळिशीतला निर्णय अचानक घेतलेला नव्हता. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच ते नाटकांत रमले होते, भालबा केळकरांच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे हौशी नट म्हणून काम केले, आणि पुढे व्यवसायासाठी आफ्रिकेत गेल्यावरही रंगभूमीची ओढ सुटली नाही. १९६९ साली वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून ते व्यावसायिक रंगभूमीवर आले, तेव्हा त्यांच्यामागे जवळजवळ दोन दशकांची तालीम होती. ‘नटसम्राट’ त्यानंतर दुसऱ्याच वर्षी आले, म्हणून त्यांचे यश एका रात्रीतले वाटते, इतकेच.

थोरवीबद्दल विचारलेत, तर माझ्या मते ती त्यांच्या निवडीत आहे. शिरवाडकरांच्या त्या नाटकाने घराघरांत पोहोचलेला नट पुढची वीस वर्षे तशाच भूमिका करत राहिला असता, तरी लोकांनी त्याला डोक्यावर घेतले असते. त्यांनी मात्र गो. पु. देशपांड्यांचे ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’ हाती घेतले. एका डाव्या विचारांच्या प्राध्यापकाची चौकशी समितीपुढे होणारी उलटतपासणी हाच त्याचा गाभा असून सगळा भार संवादांवर आहे. टाळीचे वाक्य जवळपास नाही. असे नाटक दिग्दर्शित करून त्यात स्वतः उभे राहायला वेगळेच धैर्य लागते.

उत्तर : जुना नाट्यवेडा

वरील मताशी मी सहमत आहे, परंतु ‘गिधाडे’ विसरू नये. तेंडुलकरांचे हे नाटक लागूंनी १९७० मध्ये दिग्दर्शित केले. गर्भपाताच्या प्रसंगातील लुगड्यावरच्या लाल डागाला परीक्षण मंडळाने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लालच समजावा, अशी सूचना प्रयोगापूर्वी देण्यात आली. नियम पाळूनही नाटकाचा अर्थ बोथट होऊ द्यायचा नाही, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते.

चित्रपटांत ‘सामना’ पुन्हा एकदा शांतपणे पाहावा, ही आग्रहाची विनंती. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील सगळा पडदा व्यापतो, आणि त्याच्यासमोर लागूंचा दारुडा मास्तर एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत राहतो : मारुती कांबळेचे काय झाले? त्या प्रत्येक वेळी स्वरातली धार थोडी वाढते, ती नीट ऐकावी. पुढे ‘सिंहासन’मध्ये त्यांनी रंगवलेला विश्वासराव दाभाडे याच्या अगदी उलट, सत्तेच्या आतला माणूस आहे. हिंदीत त्यांनी पुष्कळ कामे केली, पण न्यायाधीश, डॉक्टर, वडील अशा ठरीव चौकटींत त्यांच्यासारख्या नटाला वाव कमीच मिळाला. ‘घरौंदा’ हा सन्माननीय अपवाद.

उत्तर : पुणेकर रसिक

एक भर घालतो. मकरंद साठे यांच्या ‘सूर्य पाहिलेला माणूस’मध्ये त्यांनी सॉक्रेटिस केला, तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते. मी तो प्रयोग मागच्या रांगेतून पाहिला. आवाज थकलेला होता, तरीही शब्दाचा शेवटचा वर्ण आमच्यापर्यंत स्वच्छ पोहोचत होता. ‘देवाला रिटायर करा’ असे जाहीरपणे मांडणारा हा विवेकवादी माणूस रंगमंचावर विचारांसाठी विषाचा पेला घेतो, तेव्हा भूमिका आणि नट यांत फारसे अंतर उरले नव्हते.

उत्तर : जुना नाट्यवेडा

प्रश्नकर्त्यांनी ‘लमाण’ हे त्यांचे आत्मचरित्र अवश्य मिळवावे. दुसऱ्यांचा माल इकडून तिकडे वाहून नेणारा लमाण, तसा लेखकाचा आशय प्रेक्षकांपर्यंत नेणारा नट, असा त्या नावामागचा भाव आहे. ते वाचून मगच ‘नटसम्राट’चे ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकावे, अप्पासाहेबांची स्वगते तेव्हा निराळी ऐकू येतील.