मदत हवी आहे : जुन्या आउटबोर्ड मशीनमधून पेट्रोल गळतंय

नमस्कार मंडळी. आमची होडी वेसाव्याला असते. तिच्या मागे बाहेरून लावायची, वडिलांच्या वेळची १५ हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक मशीन (इंजिन) आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत ती झाकून ठेवली होती. आता सुरू करायला गेलो तर कव्हरखाली पेट्रोलचा घमघमाट आणि कार्बोरेटरच्या तळाशी थेंब.

टाकीचा पाइप आणि क्लिपा बदलल्या. पाइपावरचा रबरी बल्ब दाबला की घट्ट व्हायला हवा, तो होतच नाही. दाबत राहिलं की कार्बोरेटरच्या तोंडातूनच पेट्रोल येतं. कार्बोरेटरचा बाउल (खालची वाटी) उघडला तर तळाला हिरवट चिकट गाळ होता. तो साफ केला, फ्लोट (आत तरंगणारा पोकळ तुकडा) हलवून पाहिला, त्याच्या आत पेट्रोल खळखळत नाही. फ्लोट वर आला की पेट्रोल अडवणाऱ्या सुईच्या टोकाला मात्र बारीक गोल खाच पडलीय. मला तिचाच संशय आहे. शेजारचे काका म्हणतात, मशीनच्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा फाटला असेल, कारण वरचा स्पार्क प्लग ओला निघतो. इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, म्हणून तीही शंका आहे.

सुई बदलताना तिची सीटही (ती जिथे टेकते ती जागा) बदलावी लागते का? फ्लोटची उंची कशी मोजायची? आणि ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्याजवळ एवढ्या जुन्या मशीनचं कार्बोरेटर दुरुस्तीचं किट मिळेल का? ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा. होडीवर धाकटा भाऊही येतो, गळती थांबल्याशिवाय मशीनला दोरी लावणार नाही.