लेखनाचे छोटे स्वाध्याय: यातून लेखक घडतो का?

अबोली
लिहायचंय खूप, पण सुरुवातच होत नाही, असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं असतं की विषय शोधत बसू नका, एखादी अट घ्या. दहा मिनिटं, फार तर दीडशे शब्द. एकही विशेषण नको. किंवा खोली सोडतानाचं भांडण आधी घरमालकाच्या तोंडून लिहा, मग भाडेकरूच्या. अट आली की डोक्यात आयती तयार असलेली वाक्यं चालेनाशी होतात आणि नीट बघावं लागतं.

सगळ्यांत कस लागतो तो अमेरिकन कादंबरीकार जॉन गार्डनर यांच्या स्वाध्यायात. मुलगा नुकताच युद्धात मारला गेलाय अशा माणसाला त्याच्या शेतावरचं कोठार कसं दिसेल ते लिहा. मुलगा, युद्ध, मृत्यू यांचा उल्लेख नको, बघणाऱ्या माणसाचाही नको. आपण कोठाराऐवजी गोठा घेऊ. माझं मत ठाम आहे, कथेला हात घालण्याआधी असे स्वाध्याय करावेतच. तुमचं काय म्हणणं?

घाटमाथा
अजिबात पटलं नाही. मराठीत शतशब्दकथांचा जो पूर आलाय तो वाचून बघा. आधी नव्वद शब्द दिशाभूल आणि शेवटच्या दहात कलाटणी. बोलणारी बाई भूत निघते, ज्याची वाट बघत होते तो कुत्रा निघतो. शंभर शब्दांत माणूस उभा करणं फार अवघड, म्हणून लिहिणारा युक्तीकडे वळतो. वाहवा मिळाली की तीच सवय पडते. मग पुढे वीस पानांची कथा घेतली तरी ती शेवटच्या ओळीसाठीच लिहिली जाते. पलटे कितीही घोटले तरी त्यांची मैफल होत नाही.

शाईदौत
अटीला एवढं हलकं लेखू नका. बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) १०८ रामायणं रचली, त्यांतली कित्येक अटी घालून घेऊन. निरोष्ठ रामायणात प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत. म्हणजे रामकथा सांगायची आणि 'राम' हे नाव घ्यायचं नाही! असा माणूस एकेका गोष्टीसाठी किती शब्द चाचपून बघत असेल याचा विचार करा.

घाटमाथा
त्या १०८ पैकी आज कोण किती म्हणतं? घराघरांत पोचली ती 'केकावली', कारण तिथे पंत देवाला कळवळून हाक मारतात. कसरत अभ्यासकांपुरती उरली.

शाईदौत
'केकावली' पृथ्वी वृत्तात आहे. ओळीला सतरा अक्षरं, लघु-गुरूंचा क्रम ठरलेला, त्यात एक मात्राही इकडची तिकडे करता येत नाही. एवढ्या बंधनात ती आर्जवं बोलल्यासारखी येतात. कळवळा तर कितीतरी भक्तांना असतो, पण तो सतरा अक्षरांत सहज उतरतो तो हात घोटलेला असतो म्हणूनच. तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे.

कोरीपाटी
वाद चालू द्या, मी गोठा लिहिलाय:

"दावणीला दोन बैल. शेण सकाळपासून काढलेलं नाही. आढ्याला खोचलेला विळा, त्याच्या मुठीला बांधलेली चिंधी अजून नवी. गव्हाणीत कडबा तसाच पडलेला, बैलांनी तोंड लावलेलं नाही. वळचणीखालची घागर भरून वाहतेय."

घाटमाथा
मुठीवरची नवी चिंधी उत्तम. कुणीतरी अलीकडेच, पुन्हा वापरायचा म्हणून ती बांधलीय. पण मुकी जनावरं दुःखाने चारा सोडतात हे आपण सगळ्यांनी शंभरदा वाचलंय. तिथे तुम्ही गोठा बघितला नाहीत, ऐकीव दुःख आणून टाकलंत.

कोरीपाटी
मग ते वाक्य असं करते: "गव्हाणीत कडबा दुपटीने पडलाय. बैल सावकाश खाताहेत."

अबोली
वा! एकदा वैरण टाकली हे विसरून पुन्हा टाकणारा माणूस मला स्पष्ट दिसला, आणि त्याच्याबद्दल एक शब्दही नाही. घाटमाथा, याच कारणासाठी मी स्वाध्यायाचा आग्रह धरते. पाच वाक्यांत खोटं वाक्य लगेच हाती लागतं. वीस पानांच्या कथेत ते दडून बसलं असतं.

घाटमाथा
दुसरं वाक्य पहिल्याहून कितीतरी सरस आहे, यात वाद नाही. पण ते चांगल्या वाचकाने अडवलं म्हणून आलं. कुणी टोकलं नसतं तर पहिल्याच वाक्यावर 'छान' पडले असते आणि दुसऱ्या दिवशी नवा स्वाध्याय सुरू झाला असता.

निळीशाळा
मी नववी-दहावीला मराठी शिकवते. मुद्द्यांवरून कथालेखन हा आमच्याकडचा छोटा स्वाध्यायच आहे, आणि त्याची काय गत झालीय हे रोज बघते. मुलं शीर्षक आणि तात्पर्य आधी ठरवतात आणि त्याला गोष्ट चिकटवतात, कारण गुण तिथे आहेत. गरीब मुलगा प्रामाणिक असतो, त्याला पाकीट सापडतं, बक्षीस मिळतं. ज्यांच्या घरी खरंच पैशांची ओढाताण आहे तीही हेच लिहितात, याचा मला फार त्रास होतो. वर्गात मी तात्पर्य लिहायला बंदी केली आणि सांगितलं की घरातल्या एका भांड्याबद्दल लिहा, ते कुठून आलं, कोण वापरतं. एका मुलाने गहाण पडून परत आलेल्या तांब्याच्या हंड्याबद्दल लिहिलं. कल्पनाविस्तारात कधी दोन ओळींपुढे न गेलेला मुलगा पानभर थांबला नाही. तेव्हा बिघाड आखूडपणात नाही, बक्षिसात आहे. गुण, वाहवा, स्पर्धा हे काढून घ्या, मग बघा.

घाटमाथा
ताई, हंड्याबद्दल त्या मुलाकडे सांगण्यासारखं होतं म्हणून ते आलं. तुम्ही अट घातली नाहीत, काढून घेतलीत. माझा मुद्दा तोच आहे. आणि नोकरी, घर सांभाळून रात्री जेमतेम अर्धा तास मिळणाऱ्याने तो रोज नव्या स्वाध्यायात घालवला, तर त्याची स्वतःची कथा कधी व्हायची?

अबोली
रोज नवा नकोच. महिनाभर एकच गोठा धरा. पहिल्या आठवड्यात पाच वाक्यं, पुढच्या आठवड्यात त्यातलं सगळ्यांत आवडतं वाक्य काढून टाकून पुन्हा, मग तोच गोठा त्या घरातल्या सुनेच्या नजरेतून. कुठेही टाकायचा नाही, एकाच खडूस वाचकाला दाखवायचा. कोरीपाटी, तुम्ही सुनेचा लिहा. घाटमाथा वाचतील ना?

घाटमाथा
वाचेन. पण बैलांच्या डोळ्यांत पाणी आणलंत तर तिथेच थांबेन.