‘जागल्या’ ठीक, पण ‘रिटॅलिएशन’ला काय म्हणायचं?

कर्वेनगर : एका मासिकासाठी अनुवाद करतेय. विषय आहे हवाई वाहतूक नियंत्रणातल्या चुका वर कळवणारे नियंत्रक आणि मग त्यांच्या मागे लागणारं शुक्लकाष्ठ. ‘व्हिसलब्लोअर’ला, म्हणजे असं वर कळवणाऱ्याला, वर्तमानपत्रं ‘जागल्या’ म्हणतात, तोच घेतला. अडलंय ‘रिटॅलिएशन’वर, म्हणजे त्या शुक्लकाष्ठावरच. कोशात ‘प्रतिशोध’, ‘सूड’, ‘प्रत्याघात’ मिळाले. पहिल्याला डब केलेल्या सिनेमाचा वास येतो, तिसरा लष्करी. ‘सूड’ म्हटलं की वाचकाला तलवारी दिसणार, आणि इथे जे काही घडतं ते ड्यूटीच्या तक्त्यात घडतं. काय लिहू?

सदाशिव पेठ : आधी ‘जागल्या’बद्दल. शिट्टीवरून शब्द केला नाही हे उत्तम. आपल्याकडे शिट्टी कुकरची, नाहीतर टवाळ पोरांची. अलका चौकात हवालदार मारतो तिला तर कुणी विचारतच नाही. जागल्या हा गावगाड्यातला रात्रीचा राखणदार. मात्र त्याचं ओझंही लक्षात घ्या. चोरी झाली की रामोशी-जागल्यांनी चोराचा माग काढत शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत न्यायचा. माग लागला नाही, तर भरपाई त्यांच्याच माथी. म्हणजे जागणाराच दंड भरतो, हे या शब्दात आधीपासून आहे.

आता सूड. सूड उगवायला दोन्ही बाजूंना वैर ठाऊक असावं लागतं. वचपा काढतात तो झालेल्या नुकसानीचा. डूख धरतो तो साप. वेळ लागला तरी चालतो. तुम्हाला हवा तो ‘आकस’. कागदावर सगळं नियमात, आणि मनात अढी. ‘आकसापोटी बदली’ हे कचेरीतल्या शिपायालाही कळतं.

औंध : वकिली करतो, म्हणून दोन ओळी. आपल्याकडे २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा आहे. त्यात शब्द येतो ‘व्हिक्टिमायझेशन’, म्हणजे तक्रार केली म्हणून होणारा छळ. तसा छळ झाल्याचा आरोप आला, तर कारवाई त्या कारणाने नव्हती हे खात्याने सिद्ध करायचं. उत्तम तरतूद. फक्त कायदा अंमलात आणायची अधिसूचना निघालेली नाही, त्यामुळे २००४ च्या केंद्राच्या ठरावावर भागवायचं. तो ठरावसुद्धा निघाला तो अभियंता सत्येंद्र दुबे यांचा २००३ मध्ये गयेत खून झाल्यावर. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं आणि आपलं नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली होती. लांब कशाला, आपल्या तळेगाव दाभाड्यात २०१० साली माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा खून. तिथे ‘आकस’ फारच मवाळ पडतो हो.

कर्वेनगर : पटलं. पण माझ्या लेखातलं प्रकरण रक्ताचं नाही, शब्दांचंच आहे. टेक्सासमधल्या डॅलस-फोर्टवर्थच्या रडार कक्षातल्या ॲन व्हाइटमन या नियंत्रक. दोन विमानांत ठेवायचं अंतर मोडल्याच्या घटना तिथे दाबल्या जातात, असं त्यांनी वर कळवलं. २००८ मध्ये चौकशीचा निष्कर्ष आला : ६२ घटना चुकीच्या रकान्यात टाकल्या होत्या. नियंत्रकाची चूक ‘वैमानिकाची चूक’ म्हणून नोंदलेली, किंवा काही घडलंच नाही असं. तक्रारीनंतर आपल्याला त्रास दिला गेला असं बाईंचं म्हणणं.

सदाशिव पेठ : याला मराठीत ‘खापर फोडणे’ म्हणतात. इथे वैमानिकाच्या डोक्यावर. रकाना बदलला की खापर आपोआप दुसरीकडे फुटतं.

विमाननगर : मी नियंत्रक होतो, आता निवृत्त. (लोहगावचा नाही, तिथला मनोरा हवाई दलाचा. माझं ठिकाण वेगळं, नाव नको.) रडारवर जवळपासच्या विमानांत सहसा तीन किंवा पाच सागरी मैल ठेवायचे, नाहीतर उंचीत हजार फूट. एकदा ते मोडलं आणि मी लिहून दिलं. कुणी रागावलं नाही. पुढच्या महिन्याच्या तक्त्यात माझं नाव रात्रपाळ्यांत जास्त दिसायला लागलं. तक्ता पेन्सिलने लिहिलेला असायचा, खोडल्याची खूण दिसायची. चहाला निघताना मला हाक मारायचं बंद झालं. मग बदली.

बाहेरच्यांना वाटतं, बदली म्हणजे बदलीच. आमचं रेटिंग, म्हणजे काम करायची परवानगी, त्या-त्या ठिकाणापुरतं असतं. नवीन ठिकाणी वीस वर्षांचा माणूस पुन्हा शिकाऊ म्हणून कुणाच्या तरी शेजारी बसतो, परीक्षा देतो, तेव्हा कुठे माइक हातात येतो. आदेशात लिहिलेलं : ‘प्रशासकीय कारणास्तव’. तेव्हा तुमचा ‘आकस’ बदलीला चालेल. चहाला मात्र ‘वाळीत टाकणे’च.

सदाशिव पेठ : वा! वाळीत टाकणे हेही गावगाड्यातलंच.

कर्वेनगर : काका, त्याच लेखात उलटं उदाहरणही आहे. १९७६ पासून नासा एक नोंदव्यवस्था चालवते. वैमानिक असो की नियंत्रक, चूक नासाला कळवायची, नियामक संस्थेला नाही. नासा नाव काढून टाकते. हेतुपुरस्सर नसलेली चूक दहा दिवसांत कळवली, तर बहुतेक वेळा दंडही माफ. तुमच्या वेळी असं काही असतं तर?

विमाननगर : सहा जणांच्या पाळीत नाव काढून काय होणार? अक्षर ओळखतात.

पण एक सांगतो. साहेब मला म्हणाले होते, “खाल्ल्या मिठाला जागा.” तुमचा ‘जागल्या’ वाचून ते आठवलं. क्रियापद तेच. मी जागत होतो म्हणूनच लिहिलं ना?

औंध : प्रश्न मीठ कुणाचं एवढाच. पगार खात्याचा, तिकीट प्रवाशाचं.

हडपसर : मूळचा यवतमाळचा. आमच्याकडे पीक राखायला रात्री शेतात जातात त्याला ‘जागलीला जाणे’ म्हणतात. मचाणावर बसायचं, रानडुक्कर आलं की डबा वाजवायचा. डबा वाजवला म्हणून घरचे कधी रागावल्याचं ऐकलं नाही, झोप मोडली तरी.

कर्वेनगर : हे फार छान. ठरवते मग. शीर्षकात ‘आकस’, बदलीच्या परिच्छेदात ‘आकसापोटी’, चहाच्या जागी ‘वाळीत’. ‘सूड’ कुठेच नाही. आता शेवटची अडचण : जागल्याचं स्त्रीलिंग? बाईंना ‘जागली’ म्हणावं तर हडपसरकरांचं मचाण आठवतं.

सदाशिव पेठ : स्त्रीलिंग कशाला? आदरार्थी अनेकवचनी क्रियापदच वापरा, नाम आपोआप मिटतं. ‘त्या जागल्या.’

कर्वेनगर : संपादकांना वाटेल वाक्य अर्धवट राहिलंय.

सदाशिव पेठ : पूर्णविराम ठळक द्या.